दौतीवरचा मीना

पुण्यानं कागद पुष्कळ जपले. पेशवे दफ्तरातल्या रुमालांमध्ये मराठी राज्याच्या कारभाराचे जे कागद बांधून ठेवले आहेत, त्यांची मोजणी कोटींत होते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवड करून ४५ खंड काढले, तरी एवढ्यानं त्या साठ्याचा एक कोपराच हलला. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे. तिथल्या कपाटांत आणखी लाखो कागद आहेत. सनदा, निवाडे, जमाखर्च, बातमीपत्रं, घरगुती खुशालीची पत्रं. एवढ्या लिखाणाला शाई लागली, आणि शाईला दौत लागली. कागद राहिले; दौती बहुतेक गेल्या. मोडीत गेल्या, वितळल्या, माळ्यावर गंजल्या. ज्या थोड्या उरल्या त्यांच्याकडे बघताना मला नेहमी वाटतं, की आपण लिखाणाचा इतिहास अर्धाच सांगत आलो आहोत.

उरलेला अर्धा शोधायला मंडळातून निघून बाजीराव रस्त्यावर यावं लागतं. चालत जाण्याएवढंच अंतर आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, कुलपं, फण्या, वाद्यं यांच्या सोबतीनं दौती आणि कलमदानंही आहेत. दिनकर गंगाधर केळकर हे कवी. ‘अज्ञातवासी’ या नावानं लिहीत. व्यवसाय चष्म्यांचा. १९२० च्या सुमारास ते जुन्या वस्तूंच्या मागे लागले आणि १९९० मध्ये गेले तोवर त्यांचा संग्रह वीस हजारांच्या पुढे पोचला होता. पत्नी कमलाबाईंनी त्या वेडाला आयुष्यभर साथ दिली. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं, आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हाती सोपवला.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले ते कागदांसाठी. केळकर हिंडले ते माणसांच्या हाताळणीतल्या वस्तूंसाठी. दोघांनीही वाड्यांचे माळे आणि अडगळीच्या खोल्या पालथ्या घातल्या. एकानं लिहिलेलं वाचवलं, दुसऱ्यानं लिहिण्याचं साधन वाचवलं. हे दोन्ही छंद एकाच शहरात फळाला आले, पण त्यांची गाठ पडली नाही. मंडळातला कागद कोणत्या दौतीतून उतरला हे त्या कागदाला सांगता येत नाही, आणि काचेमागची दौत आपल्यातून काय लिहिलं गेलं ते सांगू शकत नाही.

दौत म्हणजे केवळ शाईचं भांडं नव्हे, ती एका सरंजामाचा भाग आहे. फिरतीवरच्या कारकुनाकडे पितळेची लांबट नळी असे, तिच्या टोकाला छोटी दौत जोडलेली. नळीत बोरू आणि ते तासायचा चाकू. ही जोडी कमरेच्या शेल्यात खोचली की माणूस लिहायला तयार. बैठकीवरचं कलमदान मात्र आडव्या पेटीसारखं. त्यात लेखण्यांसाठी लांब खण, शाईसाठी एक-दोन दौती, ओल्या अक्षरांवर भुरभुरायच्या बारीक वाळूसाठी जागा. काजळ आणि डिंक तासन्‌तास खलून केलेली शाई दौतीत ओतायची, आणि आत चिंधीचा बोळा ठेवायचा. बोळ्यामुळे दौत कलंडली तरी शाई सांडत नाही आणि बोरूच्या टोकाला हवी तेवढीच शाई लागते.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळं, सुटं आणि सरळ ओळीत कसं काढावं एवढं सांगून ते थांबत नाहीत. ठिकठिकाणचे बोरू गोळा करावेत, ते तासायची साधनं जवळ असावीत, शाईचा आणि हिंगुळाचा साठा करून ठेवावा, असं ते तपशिलानं सांगतात. विवेकाचा आणि वैराग्याचा उपदेश करणाऱ्या ग्रंथात बोरूंच्या जातींना जागा मिळते, याचं मला फार मोल वाटतं. साधनाची तयारी हा लिखाणाचाच पहिला भाग आहे, अशी त्यामागची समजूत दिसते. या मातीत ती समजूत जुनी आहे.

मोडी लिपीतला एखादा मूळ कागद खिडकीच्या उजेडात धरावा. मोडी लिहिताना हात शक्यतो उचलायचा नसतो. अक्षरं एकमेकांत गुंफत ओळ पुढे पळते. पण बोरूतली शाई संपते. काही शब्द गडद येतात, मग हळूहळू फिके होत जातात, आणि अचानक एक अक्षर पुन्हा काळंभोर उमटतं. तिथे लिहिणाऱ्याचा हात दौतीकडे गेलेला असतो. छापील खंडात हा चढउतार दिसत नाही. मूळ कागदावर तो स्पष्ट असतो. ज्या दौतीचा पत्ता आपल्याला कधीच लागणार नाही, तिच्याकडे झालेली प्रत्येक फेरी त्या कागदावर नोंदलेली आहे.

ती फेरी दिवसातून शेकडो वेळा व्हायची. प्रत्येक वेळी डोळे कागदावरून उठत आणि क्षणभर दौतीवर टेकत. दौतीवर कोणी वेलबुट्टी का काढावी, तिच्या झाकणावर पोपट का बसवावा, तिच्या अंगावर निळा-हिरवा मीना का चढवावा, याचं उत्तर मला त्या क्षणात सापडतं. मीन्यानं अक्षर सुधारत नाही, शाईही लवकर वाळत नाही. तो आहे लिहिणाऱ्याच्या नजरेसाठी. शब्द आणि शब्द यांच्या मधल्या विसाव्याच्या जागी कारागिरानं रंग ठेवला.

तो ठेवायला किती खटपट पडते ते समजून घ्यावं. मीना म्हणजे काच. वाळू, शिसं आणि क्षार वितळवून केलेल्या काचेत धातूंची भस्मं मिसळली की रंग येतो. कोबाल्टनं निळा, तांब्यानं हिरवा आणि फिरोजी, कथलानं दुधी पांढरा, सोन्याच्या अंशानं माणकासारखा लाल. ही काच कुटून, धुऊन, ओली करून सोन्याच्या, चांदीच्या किंवा तांब्याच्या पत्र्यात खोदलेल्या खळग्यांत भरतात. खळग्याच्या तळाशी आणखी बारीक रेघा मारलेल्या असतात. त्यामुळे काच धातूला घट्ट धरते, आणि पारदर्शक रंगातून आत गेलेला उजेड त्या रेघांवरून परत येतो. मग भट्टी. साधारण सातशे ते साडेआठशे अंश सेल्सियसमध्ये काचेची पूड वितळून धातूला जडते.

सगळे रंग एकाच आचेत शिजत नाहीत. ज्या रंगाला जास्त आच लागते तो आधी भाजायचा, नाजूक रंग शेवटी. जयपूरकडच्या परंपरेत पांढरा पहिला आणि लाल अखेरचा. म्हणजे पाच रंगांची दौत पुन्हा पुन्हा भट्टीत जाते, आणि दर खेपेला आधीचं सगळं काम पणाला लागतं. काच आणि धातू तापताना सारखे फुगत नाहीत, निवताना सारखे आकसत नाहीत; तो मेळ बसला नाही तर मीना तडकतो. शेवटचा लाल बिघडला तर आधीच्या चार रंगांची मेहनतही गेली. भट्टीतून सुखरूप आलेलं काम कुरुंदाच्या दगडानं घासायचं, पुन्हा आच देऊन झळाळी आणायची. नक्षी आखणारा एक, पत्रा घडवणारा दुसरा, खोदणारा तिसरा, मीना भरणारा चौथा. एवढ्या हातांतून गेलेली वस्तू शेवटी काजळाच्या शाईनं भरायची असते.

दौतीवर एवढा खर्च करायची ऐपत थोड्यांचीच. मीन्याची दौत ही मुख्यतः दरबारची वस्तू. मोगल दरबारात रत्नजडित दौत हे वजिराच्या अधिकाराचं चिन्ह होतं. जहांगीर बादशहासाठी १६१८-१९ मध्ये घडवलेली हिरव्या जेड दगडाची, सोन्याचं काम असलेली दौत आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे, आणि तिच्यावर मोमिन या कारागिराचं नावही आहे. १८७५-७६ मध्ये इंग्लंडचा युवराज हिंदुस्थानात फिरला तेव्हा त्याला मिळालेल्या नजराण्यांत तलवारी आणि ढाली होत्या, आणि त्यांच्याच रांगेत जयपुरी मीन्याची, नावेच्या आकाराची सोन्याची दौतही होती. तलवारीच्या बरोबरीनं दौत भेट देणारा समाज लेखणीची ताकद ओळखून होता.

मराठी राज्यानं ती रोज अनुभवली. चिटणीस, फडणीस, मुजुमदार ही लेखणीची पदं होती आणि ती घराण्यांत चालत. नाना फडणवीसांनी राज्य सावरलं ते प्रामुख्यानं पत्रांच्या आणि हिशेबांच्या जोरावर. पण चिटणिसाच्या नावानं गेलेलं पत्र पुष्कळदा दुसऱ्याच कोणा कारकुनाच्या हातचं असे. तो गादीच्या कडेला मांडी घालून बसायचा. त्याची दौत पितळेची, नाहीतर साधी मातीची. मीना चढायचा मानकऱ्याच्या दौतीवर, अक्षरं उमटायची कारकुनाच्या बोरूतून. पेशवे दफ्तरातल्या असंख्य कागदांवर शिक्का आहे, तारीख आहे, मोर्तब आहे. ज्यानं ते लिहिले त्याचं नाव बहुतेक ठिकाणी नाही. मीनाकाराचं नावही दौतीवर नसतं. जहांगीरच्या दौतीवर नाव आहे म्हणूनच ती विशेष. एकानं काच भाजली, दुसऱ्यानं अक्षर काढलं, आणि दोघंही आपापल्या कामात निनावी राहिले. म्हणून दौतीवरच्या मीन्याकडे बघताना मला धन्याची श्रीमंती आठवत नाही, ती दोन माणसं आठवतात.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अजूनही कधीतरी दौत दिसते. फाटक्या ताडपत्रीवर नळाच्या तोट्या, रेडिओचे सुटे भाग, घड्याळाच्या तबकड्या, आणि त्यांत एखादं पितळी कलमदान. एकदा मी असंच एक उचलून बघत होतो तेव्हा विक्रेता म्हणाला, “घ्यायचं नसलं तरी हातात घेऊन बघा, साहेब. वाड्यातलं आहे. मीनाकाम आहे.”

“मामा, कुठल्या वाड्यातलं?”

“ते काय सांगणार? माल येतो. दहा हातांतून येतो.”

नक्षीतला लाल-काळा रंग मी नखानं चाचपला. तो किंचित मऊ लागला. मामांनी ते ओळखलं आणि सरळ सांगून टाकलं, “लाख आहे ती. मुरादाबादी माल. पण काम जुनं आहे, खोटं नाही बोलत.”

ते खरंच बोलत होते. पितळेवर खोदलेल्या नक्षीत रंगीत लाख भरायची रीत मुरादाबादची. तिला सर्रास मीना म्हटलं जातं. खऱ्या मीन्यावर टाचणीचा ओरखडा सहसा उठत नाही, आणि तो उडालाच तर काचेसारखा, शिंपल्याच्या आकाराचा टवका पडतो. लाख मऊ असते, उष्णतेनं पाघळते, काळानं निस्तेज होते. पण मला त्या दिवशी अस्वस्थ केलं ते लाख निघाल्यानं नव्हे. “दहा हातांतून येतो” या वाक्यानं केलं. त्या दहा हातांपैकी पहिला हात लिहिणारा होता. तो कोण होता, कोर्टात होता की पाठशाळेत, सावकाराकडे होता की कुलकर्णी होता, हे माहीत असणारी माणसं वस्तू घराबाहेर पडली त्या दिवशी अजून असतील. त्यांना कोणी विचारलं नाही.

इंग्रजी अमलात बैठक हलली आणि तिच्याबरोबर दौतीचं रूपही बदललं. गादी-तक्क्याच्या जागी टेबल-खुर्ची आली. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये केसरी, १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय. शिक्षक, संपादक, वकील, मामलेदार यांचा नवा वर्ग पुण्यात टेबलाशी बसून लिहू लागला. बोरू मागे पडून टाक आला, टाकाला पोलादी निबं आली. वाळू जाऊन टीपकागद आला. विलायती तऱ्हेच्या संचात पितळी बैठकीवर काचेच्या दोन दौती, एक काळ्या आणि एक तांबड्या शाईची, पुढे टाकांसाठी पन्हळ, शेजारी टीपकागद गुंडाळलेला डोलता ठोकळा, पत्रं उभी ठेवायची जाळी, पाकीट फोडायची सुरी. फ्रान्सकडच्या चांगल्या संचांवर निळ्या-फिरोजी मीन्याच्या पट्ट्या असत. तंत्र तेच: धातूत खळगा आणि खळग्यात काच. जयपूरचा कारागीर आणि पॅरिसचा कारागीर एकमेकांना कधी भेटले नसतील, पण दोघांनाही लिहिणाऱ्याच्या हाताजवळ निळा रंग असावा असं वाटलं.

या सगळ्या सरंजामाशिवायही मोठं लिखाण होतं, हे पुण्याला चांगलं ठाऊक आहे. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिलं. तिथे शाई-दौत मिळत नव्हती. पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या आणि टोक करून दिलेल्या शिसपेन्सिली, एवढंच हाती होतं. १९१५ मध्ये तो ग्रंथ पुण्यात प्रसिद्ध झाला. मग दौतीचं एवढं कौतुक कशाला, असं कोणी विचारील. मला त्या प्रसंगातून उलटंच दिसतं. सरकारला लिहिण्याच्या साधनाची धास्ती वाटत होती. कागद किती, पानं किती, यावर पहारा होता. साधन क्षुल्लक असतं तर त्याच्यावर पहारा बसला नसता. राज्यकर्ते मान द्यायचा तेव्हा दौत देतात, आणि धाक वाटतो तेव्हा ती काढून घेतात.

दौतीचा मान घरातही होता. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तिजोरीशी महालक्ष्मी, वहीत महासरस्वती आणि दौतीत महाकाली मानायची रीत आहे. रविवार पेठेतल्या आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या कितीतरी दुकानांत त्या संध्याकाळी नव्या वहीवर कुंकू वाहिलं जातं. वहीशेजारी आता बॉलपेन ठेवतात, कारण दौत घरात उरलेली नाही. फाउंटन पेननं शाई लेखणीच्याच पोटात नेली. महाराष्ट्रात १९३१ मध्ये दांडेकरांनी ‘हॉर्स ब्रँड’ नावानं शाईची पूड आणि वड्या काढल्या. पुढे याच उद्योगाचं कॅम्लिन झालं. शाळेच्या बाकाला भोक पाडून बसवलेली दौत काही काळ टिकली. मग बॉलपेन आलं, आणि दौतीकडे जाणारा हात थांबला.

मी त्या हाताच्या परतीची आस धरत नाही. लिहिणं सोपं झालं याचा मला आनंद आहे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या लेखणी येऊ दिली नाही, त्यांच्या हाती ती स्वस्त पेनानंच लवकर पोचली. महात्मा फुल्यांच्या या शहरात हे विसरून दौतीचे गोडवे गाणं योग्य नाही. कलमदान ज्यांच्या कमरेला होतं ते मूठभर होते, आणि इतरांचे व्यवहार त्यांच्या अक्षरावर अडून राहत. मीन्याच्या सौंदर्याला ही बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय त्या वस्तूचं वर्णन पुरं होत नाही. म्हणूनच मला दौत पूजेपेक्षा पुराव्यासाठी हवी आहे. कोण लिहीत होतं, कोणासाठी, कोणाविषयी, याचा ती एक साक्षीदार आहे.

साक्षीदाराची काळजी साक्षीदारासारखी घ्यावी. पुण्यातले वाडे पडत आहेत आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. सामान आवरताना माळ्यावरून दौत, कलमदान, टाकांचा डबा निघाला तर तो चिंच आणि राखेनं घासू नये. पितळ लखलखेल, पण मीन्यावर चरे पडतील आणि आंबटानं त्याची झळाळी जाईल. मऊ कोरड्या फडक्यानं पुसावं, एवढं पुरे. गरम पाण्यात तर मुळीच बुडवू नये. काच आणि धातू यांचं जुनं भांडण तिथे पुन्हा जागं होतं. दौतीच्या तळाशी वाळलेली शाई असेल तर ती खरवडू नये. ती काजळाची आहे की कारखान्याची, हे जाणकार सांगू शकतो, आणि त्यावरून ती दौत कोणत्या काळापर्यंत वापरात होती याचा अंदाज बांधता येतो.

सगळ्यांत महत्त्वाचं काम मात्र फडक्याचं नाही, लेखणीचं आहे. वस्तू विकायची असो, संग्रहालयाला द्यायची असो की मुलीच्या घरी पाठवायची असो, ती हातावेगळी करण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एक चिठ्ठी लिहावी: ही कोणाची, ते काय काम करत, कुठे बसून लिहीत, कोणते कागद त्यांच्या हातचे आहेत. त्यांच्या हस्ताक्षराचं एखादं पत्र जपलेलं असेल तर त्याची प्रत सोबत ठेवावी. ही चिठ्ठी कलमदानाच्या लेखण्यांच्या खणात सहज मावते. मंडळातला कागद आणि बाजीराव रस्त्यावरची दौत यांची जी गाठ शंभर वर्षांत पडली नाही, ती निदान आपल्या घरातल्या वस्तूंपुरती आपल्याला घालून देता येईल. ते करायला संशोधक असावं लागत नाही. ज्यांना ठाऊक आहे ती माणसं अजून घरात आहेत, तोवर विचारून लिहून ठेवायचं आहे.